‘सगळंच खोटं’ म्हणण्याची सोय

‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’ हा चरण मराठी घरांत म्हणीसारखा वापरला जातो. पेन्शन अडकली, निवडणुकीत नको तो निवडून आला, धरणाचं पाणी भलत्याच तालुक्याकडे वळलं, की कुणीतरी सुस्कारा टाकतं: शेवटी सगळी मायाच. अलीकडे या सुस्काऱ्याला जोडीदार मिळालाय. मोबाइलवर आलेली चित्रफीत खरी की संगणकानं रचलेली, हे डोळ्यांना कळेनासं झाल्यापासून ‘हल्ली काहीच खरं नसतं, विश्वास ठेवायचा तरी कशावर’ हे वाक्य शिकलीसवरली माणसंही शहाणपणाच्या सुरात म्हणतात. दोन्ही वाक्यांनी साधतं ते एकच, तपासण्याचं काम टळतं. आणि दोन्ही वेळा आपल्या पाठीशी तत्त्वज्ञान उभं आहे असा बोलणाऱ्याचा समज असतो. तो समज मला चुकीचा वाटतो. भ्रमाबद्दल आपल्याकडे ज्यांनी सगळ्यात जास्त डोकं चालवलं, ते पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात कडक होते.

गंमत म्हणजे हा सुप्रसिद्ध चरण शंकराचार्यांच्या भाष्यांतला नाहीच. तो येतो त्यांच्या नावावर चालणाऱ्या छोट्या प्रकरणग्रंथांत, आणि त्यांतला ‘विवेकचूडामणी’ त्यांचाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ब्रह्मसूत्रभाष्य मात्र निर्विवाद त्यांचं. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ते विज्ञानवादी बौद्धांशी वाद घालतात. बाहेर वस्तू अशा नाहीतच, आपल्या जाणिवाच बाहेर असल्यासारख्या भासतात, हे विज्ञानवाद्यांचं मत. जग मिथ्या म्हणणाऱ्या माणसानं यावर मान डोलवावी अशी आपली अपेक्षा. शंकराचार्य तुटून पडतात. खांब, भिंत, घडा, वस्त्र असं काही ना काही प्रत्येक जाणिवेत बाहेर सापडतंच आहे, आणि तरीही ते नाही म्हणणारा माणूस कसा, तर ताटावर बसून जेवतोय, पोट भरत असल्याचं स्वतः अनुभवतोय आणि वर म्हणतोय, ‘मी जेवत नाही, माझी तृप्तीही होत नाही.’ शिवाय ‘बाहेर असल्यासारखं’ हे तरी तुम्ही कुठून आणलंत? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? पुढचंच सूत्र आहे ‘वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्’, म्हणजे जागेपणाचे धर्म वेगळे, म्हणून ते स्वप्नासारखं नाही. त्यावर ते लिहितात, की जाग आली की स्वप्नातलं खोटं ठरतं. जागेपणी पाहिलेला खांब तसा कुठल्याच अवस्थेत खोटा ठरत नाही.

मग मिथ्या काय? इथं अद्वैत्यांनी, म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेतल्या विचारवंतांनी, एक पायरी कोरून ठेवली आहे, ती आपण बोलताना गाळतो. सशाचं शिंग कधी कुणाला दिसतच नाही, ते नुसतं असत्, मुळातच नसलेलं. दोरीवरचा साप दिसतो, घाम फोडतो, आणि दिवा आणला की जातो. तो पूर्ण खरा नाही, पण सशाच्या शिंगासारखा पूर्ण खोटाही नाही, म्हणून अनिर्वचनीय, धड खरा किंवा खोटा सांगता न येणारा. मिथ्या आहे तो हा. पुढच्या अद्वैत्यांनी याची नीट श्रेणी लावली: प्रातिभासिक, व्यावहारिक, पारमार्थिक. दोरीवरचा साप पहिल्या पायरीवर, दोरी आणि बाजारहाट आणि कोर्टकचेरी दुसऱ्या, ब्रह्म तिसऱ्या. खालची पायरी खोटी ठरते ती वरच्या पायरीवरचं ज्ञान हाती आल्यावर. दोरी दिसल्याशिवाय ‘साप नव्हता’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. ब्रह्मज्ञान झालेलं नसताना पेन्शन मिथ्या म्हणणं म्हणजे दिवा न आणताच साप नाही म्हणत पाय टाकणं, आणि तो खरंच साप असला तर?

याच शंकराचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात लिहून ठेवलंय, की अग्नी थंड आहे किंवा प्रकाशहीन आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी त्या प्रमाण ठरत नाहीत. वेदाला सर्वोच्च मानणारा माणूस हे म्हणतोय. परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी फारसं ऐकलेलं नाही.

भ्रम होतो तेव्हा नेमकं काय होतं, यावर आपल्याकडे हजारएक वर्षं वाद चालला. त्याला ख्यातिवाद म्हणतात. उदाहरणं साधी: दोरीवर साप, शिंपल्यावर चांदी, वाळवंटात पाणी, कावीळ झालेल्याला पिवळा दिसणारा शंख. परीक्षेपुरती यांची नावं पाठ करून सोडून देण्याची पद्धत आहे. पण ही मंडळी भ्रमाचं शवविच्छेदन करत होती, आणि ती हत्यारं अजून गंजलेली नाहीत. ती चालवून पाहायला शिंपल्याऐवजी अलीकडचं एक प्रकरण घेऊ.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव, रविवारचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा आधीपासून मोबाइलवर पसरत होत्या. त्यांतल्या एकानं एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचं निमित्त झालं. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारलं. त्या हंगामात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक अशी होती: मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ते दोघं परत येतात, पोर सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. फिरवणाऱ्यानं शेवटचा तेवढा भाग कापला होता.

आता ख्यातिवाद लावून पाहा. नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, अन्यथाख्याती सांगते, की शिंपल्यावर दिसणारी चांदी कल्पनेतली नसते. ती खरीच असते, पण बाजारात, सराफाच्या दुकानात. चूक इतकीच, की तिथली चांदी इथं दिसली. कराचीतलं दृश्य आपल्या तालुक्यातलं म्हणून दिसणं हा याचा अगदी शब्दशः नमुना आहे. प्रभाकर हे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाचे. ते आणखी पुढं जातात. त्यांच्या मते खोटं ज्ञान अशी गोष्टच नसते. ‘हे’ एवढं प्रत्यक्ष दिसतं, ‘चांदी’ आठवते. दोन्ही ज्ञानं आपापल्या जागी बरोबर, फक्त त्यांच्यातला सांधा लक्षात येत नाही. राईनपाड्याच्या बाजारात समोर दिसत होता तो अनोळखी माणूस आणि एक लहान मुलगी. मुलं पळवणारी टोळी आठवत होती, ऐकीव. पाहिलेलं कुठं संपलं आणि ऐकलेलं कुठं सुरू झालं, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नाही. बातमीत ‘अफवेमुळे’ असा एकच शब्द छापून येतो. प्रभाकरांना त्याच्या आत दोन तुकडे दिसले असते.

संगणकानं रचलेल्या फितीबद्दल कुणी म्हणेल, की तिथं तर मुळात काहीच नाही, म्हणजे ही असत्ख्याती. नैयायिक यालाही मान देणार नाहीत. त्यांचं म्हणणं, भ्रमातला प्रत्येक सुटा घटक कुठं ना कुठं खरा असतो, खोटी असते ती जुळणी. रचलेल्या फितीतला पुढाऱ्याचा चेहरा, आवाज, मागचा मंच हे सगळं त्याच्या खऱ्या भाषणांच्या चित्रणांतूनच यंत्र शिकलेलं असतं. जुळणी कुणी, कधी, कशासाठी केली हे विचारता येतं, आणि विचारता येतं म्हणजे शोधताही येतं. ‘काहीच खरं नसतं’ म्हणणारा हा प्रश्नच बंद करून टाकतो.

राईनपाडा खानदेशात आहे, आणि भ्रमाच्या मीमांसेचं एक मोठं आधुनिक केंद्रही खानदेशातच होतं. अमळनेरला कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होण्याआधी तिथं अभ्यासासाठी होते. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथं संचालक होते. घनशामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी तिथूनच १९३३ साली ‘अज्ञान’ याच नावाचा इंग्रजी ग्रंथ काढला. अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव की आणखी काही, यावर एका गिरणीच्या गावात तीन माणसं पुस्तक लिहीत बसली होती! त्या विचारातलं काहीही शंभरेक किलोमीटरवरच्या बाजारापर्यंत झिरपलं नाही, याबद्दल बाजारातल्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. तो विचार इंग्रजीत आणि संस्कृतात राहिला. मराठीत आला तो पाठ्यपुस्तकांत, गुणांपुरता.

आता ज्या वादासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. एखादं ज्ञान झालं की ते खरं मानून चालायचं, की खरं ठरेपर्यंत थांबायचं? मीमांसकच असलेले कुमारिल भट्ट म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते झालं की माणूस ते मानतोच. ते सोडतो दोनच कारणांनी: त्याला खोटं पाडणारं दुसरं ज्ञान आलं तर, किंवा ते ज्या साधनानं झालं त्या साधनातच दोष सापडला तर. डोळ्याला कावीळ आहे हे कळलं की शंखाचा पिवळेपणा आपोआप सुटतो. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञानाचं खरेपण बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली, मग ते पाणी. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचं पहिलंच वाक्य हे सांगतं. हे परतःप्रामाण्य.

आज समाजमाध्यमांवरच्या खोट्या मजकुराबद्दल जे सरकारी आणि बिनसरकारी उपदेश चालतात, ते सगळे कळत-नकळत नैयायिकांच्या बाजूचे आहेत: पुढं पाठवण्याआधी तपासा, खात्री करा, मगच विश्वास ठेवा. उपदेश चांगला, पण माणूस तसा चालत नाही. कुमारिलांचं मानसशास्त्र जास्त बरोबर आहे. घरच्या ग्रुपवर मामानं पाठवलेलं वाचलं की ते आधी पटतं, शंका मागून येते, आणि तीही आली तर. प्रत्येक वाक्य तपासून मानायचं ठरवलं तर दुधाच्या पिशवीवरची तारीखही मानता येणार नाही.

म्हणजे नैयायिक हरले का? नाही. जयंत भट्टांनी नवव्या शतकात काश्मिरात ‘न्यायमंजरी’ लिहिली, तीही राजानं बंदिवासात टाकलेलं असताना. दिवस काढायला ग्रंथरचनेची करमणूक केली, असं ते स्वतःच लिहितात. त्यांनी यात एक व्यवहारी फरक केलाय. रोजच्या, डोळ्यांसमोर फळ मिळणाऱ्या कामांत माणूस पक्की खात्री नसतानाही हात घालतो, आणि ते ठीक आहे. चुकलं तर कळतं, थोडंच नुकसान होतं. पण मोठा खर्च, मोठे कष्ट असलेलं आणि फळ लगेच न दिसणारं कर्म, म्हणजे त्यांच्या लेखी यज्ञ, आधी प्रमाण ठरवल्याशिवाय करायचं नाही. तपासणीचा कडकपणा कृतीच्या वजनाप्रमाणे वाढला पाहिजे, असा याचा अर्थ. पाऊस येणार ही अफवा मानून छत्री घेतली तर काय बिघडतं? माणसावर हात टाकायचा असेल तर मात्र जयंतांची अट लागू होते. ती अट गर्दीला पाळायला लावणं हे एकट्यादुकट्याच्या सद्सद्विवेकाचं काम नाही, असं माझं मत आहे.

इथं तुकोबांची ओळ हमखास पुढं केली जाते: ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’. दुसरा अर्धा भाग सुवर्णाक्षरांत लिहावा असा. पहिल्या अर्ध्याबद्दल मात्र जपून राहावं. मनाला साक्षीला बोलवायचं तर ते मन तुकोबांइतकं घासूनपुसून घेतलेलं लागतं. राईनपाड्यात जमलेल्या प्रत्येकाचं मन हेच सांगत होतं की आपण पोरं वाचवतोय.

एकट्यानं तपासायचं ही कल्पना युरोपातून आपल्याकडे बळकट झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त १६४१ साली छापलेल्या चिंतनांत झगा घालून शेकोटीपाशी एकटा बसतो आणि जे जे ऐकलं, शिकलं, पाहिलं ते सगळं संशयाच्या कसोटीला लावतो. धाडस मोठं होतं, त्यातून पुष्कळ काही निघालंही. पण त्या खोलीत दुसरा माणूस नाही. न्यायदर्शनात तो आहे, कारण तिथं शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे स्वतंत्र प्रमाण, ज्ञानाचं साधन, आहे. आपली जन्मतारीख, आपले आईबाप, पृथ्वीचं फिरणं, कॅन्सरचा रिपोर्ट हे सगळं आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच जाणतो, आणि ते कमअस्सल ज्ञान नसतं. म्हणून गौतमाच्या न्यायसूत्रानं प्रश्न असा मांडला, की सांगणारा कोण? ‘आप्तोपदेशः शब्दः’. आप्त म्हणजे ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. आणि वात्स्यायनांनी पुढं जोडलेलं वाक्य तर चौकाचौकांत लावावं: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू. जात, पंथ, वेष, पद यांनी आप्तपण येत नाही. जाणकारी आणि प्रामाणिकपणा या दोनच कसोट्या. ग्रुपचा ॲडमिन, टीव्हीवरचा सूत्रधार, गुरू, मंत्री, प्राध्यापक, सगळ्यांना याच गाळणीतून जावं लागेल.

एक आक्षेप मी बाजूला ढकलत नाही. आपल्याच परंपरेत पक्के संशयवादी होते. जयराशी भट्टांचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ गुजरातेतल्या पाटणच्या भांडारात ताडपत्रावर सापडला आणि १९४० साली बडोद्याहून छापला गेला. प्रत्यक्षापासून शब्दापर्यंत एकेका प्रमाणाची व्याख्या घेऊन ते ती मोडतात आणि शेवटी म्हणतात, तत्त्वं अशी उधळली गेली तरी सगळे व्यवहार विचार न करता रमणीय चालतात. ‘काहीच खरं नसतं’वाल्यांना याहून मोठा वकील मिळणार नाही. पण हा वकील पानामागून पान प्रत्येक मताला युक्तिवादानं भिडतो. सुस्कारा टाकून उठत नाही. आणि व्यवहार विचार न करता चालतात हे खरं असलं तरी ते रमणीयच चालतात, हे काही त्यांना सिद्ध करता आलेलं नाही. नैयायिक उदयनाचार्यांचं उत्तर मला पुरेसं वाटतं: शंकेला सीमा आहे ती व्याघाताची, स्वतःच्याच कृतीशी होणाऱ्या विरोधाची. धूर हवा असला की मुकाट विस्तव पेटवणाऱ्यानं धूर आणि विस्तवाच्या नात्यावर शंका घेऊ नये.

कुमारिलांचं बरोबर असेल, म्हणजे माणसं आधी मानतात आणि खोटं पाडणारं ज्ञान आलं तरच सोडतात, तर सार्वजनिक प्रश्न वेगळ्या ठिकाणी जाऊन उभा राहतो. लोक भोळे का, हा प्रश्न नाही. बाधक ज्ञान त्यांच्यापर्यंत का पोचत नाही, आणि पोचलं तर किती उशिरा, हा आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढं पाठवलेल्या मजकुरावर तशी खूणही येऊ लागली. दोन्ही उपाय अफवेचा वेग कमी करणारे. खऱ्याचा वेग त्यांनी वाढत नाही. दुसऱ्या टोकाला कोर्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा, नोंदवावं लागतं. उत्तम. परतःप्रामाण्याचं इतकं काटेकोर रूप नैयायिकांनाही आवडलं असतं. पण ते लागू होतं प्रेतं उचलल्यानंतर.

फोन आणि कोर्ट यांच्या मधल्या जागेत आप्त कोण, याचं उत्तर गावात शोधायला हवं. जिल्हा परिषदेची शिक्षिका, आशा सेविका, ग्रामसेवक, स्थानिक वार्ताहर यांच्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं. पोलीस पाटील तर कायद्यानंच आहे, १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमापासून. त्याच्या कर्तव्यांत गावात शांतताभंगाची चिन्हं दिसली तर ठाण्याला कळवणं येतं. माहिती गावातून ठाण्याकडे जाते. अफवेच्या दिवशी ती उलटी यायला हवी: कुठली फीत फिरतेय, ती मुळात कुठली, तिच्यातला कापलेला भाग काय, हे ठाण्यातून त्याच दिवशी पोलीस पाटलाकडे, आणि त्याच्याकडून बाजार भरण्याआधी दवंडीनं, मंदिराच्या भोंग्यावरून, मशिदीच्या भोंग्यावरून, शाळेच्या ग्रुपवर. याला नवा कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेल.